पंख्याचा आवाज आणि बाईंचा ‘स’

पाठ्यपुस्तकांचे परीक्षण होते, प्रयोगपेट्यांचे होते, भिंतीवरच्या तक्त्यांचेही होते. शिक्षकांनी आपल्या घरात, आपल्या आवाजात मुद्रित केलेल्या पाठांचे परीक्षण मात्र सहसा होत नाही. वास्तविक या पाठांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून कविता व पाठ मुलांच्या कानांपर्यंत नेले. २०१७ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड येऊ लागले. पुढे २०२० च्या टाळेबंदीत तर खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांनी हाती असलेल्या मोबाइलवर पाठ मुद्रित करून घरोघरी पाठवले. साधने अपुरी असताना झालेले हे काम मोठे आहे. म्हणूनच त्याचे गुणदोष मोकळेपणाने पाहिले पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

या मुद्रणांबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे आली की कानात शिट्टी वाजल्यासारखे होते. दुसरी, बोलण्यामागे पंखा, पाण्याची मोटर, रस्त्यावरची वाहने यांचा गोंगाट असतो. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे संगणकातल्या किंवा मोबाइलमधल्या ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीचे एक बटण. ते दाबले की गोंगाट जातो, दुसरे दाबले की ‘स’ची धार जाते आणि आवाज रेडिओसारखा गुळगुळीत होतो. आमचा आक्षेप या उपायावर आहे. भाषा शिकवणाऱ्या पाठात, आणि त्यातही मराठीच्या पाठात, हा उपाय पुष्कळदा मूळ दुखण्याहून वाईट ठरतो. का, ते समजण्यासाठी आधी ‘स’कडे पाहू.

‘स’ हा स्वतःच गोंगाट आहे

गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘आऽऽ’ म्हणा. बोटांना कंप जाणवेल. आता ‘स्स्स्’ म्हणा. कंप थांबेल. ‘आ’ म्हणताना स्वरतंतू नियमितपणे कंप पावतात. पुरुषांच्या आवाजात हे कंप सेकंदाला साधारण १०० ते १५०, स्त्रियांच्या आवाजात २०० च्या आसपास असतात. ‘स’ म्हणताना स्वरतंतू स्वस्थ असतात. जीभ आणि दंतमूल यांमधल्या चिंचोळ्या फटीतून हवेचा झोत सुटतो, दातांच्या कडेवर आपटतो आणि विस्कळीत होतो. त्या विस्कळीतपणाचा जो आवाज, तो ‘स’. आपल्या व्याकरणाने श, ष, स, ह यांना ऊष्म वर्ण म्हटले आहे. ऊष्मा म्हणजे वाफ. नाव नेमके आहे.

नियमित कंप नसल्यामुळे ‘स’ला ठरावीक सूर नसतो. त्याची ऊर्जा एका मोठ्या पट्ट्यात विखुरलेली असते, मुख्यतः ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान आणि काही व्यक्तींत त्याहून वर. ‘श’ म्हणताना जीभ मागे सरकते, फटीपुढची पोकळी वाढते आणि ऊर्जेचा भर खाली, साधारण २,५०० ते ४,००० हर्ट्झकडे येतो. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक तो एवढाच, आणि तो सगळा वरच्या पट्टीत आहे.

फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांपाशीही हवा विस्कळीत होते. तिचाही सुरावाचून सूंसूं आवाज होतो आणि तोही मोठ्या पट्ट्यात पसरलेला असतो. म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पंख्याचा सूंसूं आणि बाईंचा ‘स’ हे एकाच कुळातले आवाज आहेत. माणसाचा कान त्यांत भेद करतो तो अर्थाच्या आधारे. यंत्राला तो आधार नसतो.

बटण दाबल्यावर काय होते?

गोंगाट काढण्याची एक जुनी रीत स्टीव्हन बॉल यांनी १९७९ साली मांडली. बोलणे सुरू नसतानाच्या क्षणांवरून गोंगाटाचे स्वरूप मोजायचे, म्हणजे कोणत्या पट्टीत तो किती आहे ते नोंदवायचे, आणि मग सबंध मुद्रणातून तेवढा वजा करायचा. आजच्या पुष्कळशा आज्ञावलींच्या मुळाशी हीच वजाबाकी आहे. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ यांसारखे जोरकस स्वर तिच्यातून सुखरूप बाहेर पडतात. ‘स’, ‘फ’, शब्दाच्या शेवटचा ‘च’ असे क्षीण, विस्कळीत आवाज मात्र गोंगाटाबरोबर कापले जातात. वजाबाकी जास्त झाली की उरलेल्या तुकड्यांचा किणकिणाट होतो, आणि माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटते.

‘स’ची धार कमी करणारी दुसरी युक्ती निराळी आहे. ती साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्टीवर पहारा ठेवते. तिथली ऊर्जा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तेवढ्या क्षणापुरता तो पट्टा दाबते. थोड्या प्रमाणात वापरली तर ही युक्ती चांगली आहे. पण प्रमाण वाढले की ‘स’चा वरचा भाग जातो, खालचा राहतो आणि ‘स’ ‘श’च्या किंवा बोबड्या उच्चाराच्या दिशेने सरकतो.

वरची पट्टी गेली तर काय होते, हे टेलिफोनने आपल्याला केव्हाच दाखवले आहे. जुन्या टेलिफोन व्यवस्थेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग जात असे. बोलणे समजे, पण अनोळखी नाव सांगताना ‘स, सदाशिवचा स’ असे म्हणावे लागे. मोबाइलवरच्या मुद्रणातही हाच धोका असतो. सेकंदाला ८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच राहू शकत नाही, कारण नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच कंप्रता टिपता येते. नमुने ४४,१०० असतील तर ही मर्यादा २२,०५० पर्यंत जाते. तेव्हा मुद्रणापूर्वी आज्ञावलीत हा आकडा पाहावा. जे टिपलेच नाही, ते नंतर कोणत्याही बटणाने परत येत नाही.

मराठीचे नुकसान अधिक का?

‘साल’ आणि ‘शाल’, ‘मासा’ आणि ‘माशा’ या जोड्यांत अर्थ बदलतो तो केवळ ऊष्म वर्णामुळे. पण मराठीची अडचण याहून खोल आहे. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत. ‘चार’ या संख्येतला च तालव्य, तर ‘चारा’मधला दंततालव्य. ‘जरा थांब’मधला ज वेगळा आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यातला वेगळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ एकसारखे नाहीत. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात पहिला च तालव्य आहे आणि दुसरा दंततालव्य. तालव्य ‘च’च्या शेवटी ‘श’सारखे घर्षण असते, दंततालव्य ‘च’च्या शेवटी ‘स’सारखे. म्हणजे हा भेदही त्याच वरच्या पट्टीत राहतो.

आणि आपल्या लिपीत तो भेद लिहिला जात नाही. दोन्ही ‘च’ छापील पुस्तकात सारखेच दिसतात. मराठी घरातले मूल हा फरक आईच्या तोंडून शिकते. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या किंवा घरी दख्खनी उर्दू बोलणाऱ्या मुलाला तो शिकवणारा आवाज बहुधा शिक्षकाचाच असतो. ज्या मुलाला कमी ऐकू येते, त्याची वरची पट्टी पुष्कळदा आधीच दुबळी असते. या मुलांसाठी पाठवलेल्या मुद्रणातून आपण नेमकी तीच पट्टी पुसून टाकणार असू, तर पाठ ऐकायला सुखद झाला यात समाधान कसले?

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्कश ‘स’ खरोखरच त्रासदायक असतो. कानात यंत्र घालून ऐकणारे मूल कंटाळते आणि आवाज कमी करते. शिवाय वयानुसार माणसाची वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती घटत जाते. पन्नाशीतले शिक्षक आपल्या कानाला स्पष्ट वाटेपर्यंत वरची पट्टी वाढवतात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या तीक्ष्ण कानांना तोच आवाज टोचतो. म्हणून मुद्रण पाठवण्यापूर्वी ते एखाद्या मुलाला ऐकवावे, हे उत्तम. ‘स’ला आवर घालायला आमचा विरोध नाही. तो कोठे घालावा, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते तो मुद्रणाच्या वेळी, खोलीतच घातला पाहिजे.

वाशीतली एक खोली

उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातील वाशी घेऊ. नवी मुंबईतली वाशी नव्हे, बालाघाटाच्या डोंगररांगेतले तालुक्याचे गाव. समजा, येथल्या एक शिक्षिका पत्र्याच्या छताच्या, शहाबादी फरशीच्या खोलीत पाठ मुद्रित करत आहेत. वर पंखा आहे, दूर कोणाची मोटर चालू आहे, सुगीत सोयाबीनचे मळणी यंत्रही. पत्रा, फरशी आणि गिलाव्याची भिंत हे तिन्ही पृष्ठभाग कठीण. ‘स’ त्यांवर आपटून परत येतो आणि मूळ ‘स’मध्ये मिसळतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर असे. तशी खोली अजून शाबूत असेल, तर मुद्रणासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. ती नसेल तर बोलणाऱ्याच्या मागे आणि समोर दोरीवर गोधड्या टाकाव्यात. ७,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर असते. गोधडीच्या जाड, सच्छिद्र थरांत ती बरीचशी जिरते. १०० हर्ट्झची लहर मात्र ३.४ मीटर लांब असते. तिला गोधडीचे काहीच वाटत नाही. म्हणून मोटरीची घरघर गोधडीने जाणार नाही, तिची वेळ चुकवावी लागेल. पंखा तेवढी दहा मिनिटे बंद ठेवता येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइल ४० सेंटिमीटरांवरून २० वर, म्हणजे सुमारे एका वितीवर आणला, तर बोलण्याची तीव्रता चौपट होते. खोलीतला गोंगाट आहे तेवढाच राहतो. एक पैसाही न खर्चता झालेली ही सुधारणा आहे.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि ‘स’साठी तीच सर्वांत महत्त्वाची. लांब लहरी डोक्याला वळसा घालून सगळीकडे पसरतात. ‘स’च्या आखूड लहरी तोंडासमोर सरळ पुढे जातात. मोबाइल थेट ओठांसमोर न धरता गालाच्या रेषेत, ३० ते ४५ अंश बाजूला ठेवला, तर स्वर जवळपास तेवढेच राहतात आणि ‘स’ची धार कमी होते. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना येणारा हवेचा धक्काही चुकतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणा. पट्टी उडेल. ती बाजूला सरकवा, स्थिर राहील. सातवीच्या वर्गात सहज दाखवता येईल असा हा प्रयोग आहे. बहुतेक मोबाइलमध्ये बोलण्याचे छिद्र खालच्या कडेला असते. ते कापडी वेष्टनाने झाकले गेलेले नाही ना, हेही पाहावे.

एवढे करूनही काही उरले तर बटणाकडे जावे, पण हात राखून. ८० हर्ट्झच्या खालचे सारे गाळून टाकावे. तेथे बोलणे नसतेच, त्यामुळे ही गाळणी निर्धोक आहे. गोंगाट अर्धा कमी करून थांबावे, तो शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. एखादाच ‘स’ फार टोचत असेल, तर तेवढाच निवडून त्याचा आवाज उतरवावा. एका ‘स’साठी सगळ्या पाठाला शिक्षा नको.

गोंगाट कोणाला म्हणायचे?

हा प्रश्न पाठापुरताच नाही. आज पुष्कळ शाळा मुलांकडून गावातल्या वृद्धांच्या आठवणी, गाणी, म्हणी मुद्रित करून घेतात. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यातल्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून प्रसिद्ध होत आहेत. अशी ओवी एखाद्या आजीने जाते ओढत गायली, तर मागची घरघर संथ आणि एकसारखी असते. गोंगाट काढणारी आज्ञावली तिला पहिल्या फटक्यात ओळखील आणि पुसून टाकील. ज्या लयीवर ओवी उभी आहे, तीच जाईल. तसेच एखादी आजी ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणत असेल, तर तो ‘स’ तिच्या बोलीचा पुरावा आहे. म्हणून मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे आणि काय करायचे ते त्याच्या प्रतीवर करावे, हा नियम शाळांनी आजच लावून घ्यावा.

कसोटी श्रुतलेखनाची

मुद्रण चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? शिक्षकांपाशी त्यासाठी जुने आणि विश्वासू साधन आहे, ते म्हणजे श्रुतलेखन. साल-शाल, मासा-माशा, सर-शर असे सुटे शब्द निवडा. वाक्यात घालू नका, नाहीतर मुले अर्थावरून ओळखतील. तेच शब्द तीन प्रकारे तयार करा: मोबाइल तोंडासमोर धरून, त्याच मुद्रणावर बटणाचा प्रयोग करून, आणि मोबाइल बाजूला व गोधडी मागे ठेवून. दरवेळी शब्दांचा क्रम बदला. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाला तिन्ही मुद्रणे वेगळ्या क्रमाने ऐकवा, म्हणजे सरावाचा फायदा एकाच मुद्रणाला मिळणार नाही. मग चुका मोजा. दोन्ही ‘च’ लिहून दाखवता येत नाहीत, तेव्हा ‘चार’, ‘चारा’, ‘चिंच’ हे शब्द मुलांना ऐकून म्हणायला सांगा.

ज्या मुद्रणावरून सर्वांत कमी चुका होतील ते चांगले, मग त्यात दूर कोठे मळणी यंत्र ऐकू येत असले तरी हरकत नाही. आकडे वहीत नोंदवून ठेवा. पुढचा पाठ मुद्रित करताना मोबाइल कोठे ठेवायचा, हे त्यांवरून ठरवता येईल.