भिंतीवरील पाठभेद

व्हेनिसमधील सान रोक्को या धर्मबंधुसंघाच्या वास्तूत टिंटोरेट्टो याने १५६४ ते १५८८ या काळात भिंती आणि छते चित्रांनी भरून टाकली. त्या दालनांचा विचार एका चित्रकाराच्या प्रतिभेचा विचार म्हणून करता येतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भित्तिचित्रांना मात्र ही सोय नाही. तेथे एकाच भिंतीवर दोन युगे एकमेकांवर लिंपलेली आहेत, आणि त्यांपैकी कोणते खरे, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही.

राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले. चित्रे आहेत ती गर्भगृहाभोवतीच्या अरुंद, अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात. सर्वसामान्य दर्शनार्थीला तो सहसा खुला नसतो. सान रोक्कोच्या दालनात प्रेक्षक मागे सरून संपूर्ण चित्र कवेत घेऊ शकतो. येथे मागे सरायला जागाच नाही. दृष्टीला तुकडे मिळतात आणि चालणारे पाऊल ते जोडते. सुंदरर या शैव संतकवीच्या विवाहात वृद्धाच्या वेषात आलेला शिव ताडपत्रावरील लेख दाखवून त्याच्यावर दास म्हणून हक्क सांगतो. दुसरीकडे तोच सुंदरर पांढऱ्या हत्तीवरून आणि त्याचा मित्र चेरमान पेरुमाळ घोड्यावरून कैलासास निघाले आहेत. ही कथा विस्ताराने सांगणारे शेक्किळारचे पेरियपुराण बाराव्या शतकातील आहे. तेव्हा या चित्रांना त्या ग्रंथाची सजावट समजणे म्हणजे काळाचा क्रम उलटा वाचणे होय. भक्तमंडळाची स्मृती या महाग्रंथाच्या आधीच भिंतीवर उतरली होती.

सतराव्या शतकाच्या सुमारास, नायक राजवटीत, या चित्रांवर नवा गिलावा चढला आणि त्यावर नवी चित्रे आली. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना त्याखाली चोळकालीन चित्रे आढळली. तेव्हापासून रसिकांचे सारे कौतुक खालच्या थराकडे वळले. वरचा थर केवळ आवरण ठरला. चोळ रेषेचा डौल आणि जिवंतपणा पाहता हे कौतुक अस्थानी नाही. पण श्रेष्ठ कृतीला झाकणारी प्रत्येक गोष्ट कचरा असते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्या थराने चित्रे झाकली त्यानेच ती शतकानुशतके धूर आणि हात यांपासून दूर ठेवली, हेही विसरता येत नाही.

मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. टिंटोरेट्टो व्हेनिसमध्ये रंगवीत होता त्याच काळात, १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. परंतु हा दाखला पुरता लागू पडत नाही. पोथीत दोन पाठ शेजारी ठेवता येतात. भिंतीवर खालचा वाचायचा तर वरचा काढावा लागतो. शिवाय अपपाठ हा बहुधा प्रमादातून जन्मतो, तर नायक चित्रकाराने समजून-उमजून आपल्या काळची भक्ती तेथे मांडली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही नायक चित्रे अलगद सोडवून फायबरग्लासच्या फलकांवर बसविली. हा भिंतीला पोथी करण्याचा प्रयत्न होय, आणि तो स्तुत्यच आहे. तरीही त्या चित्रांची प्रदक्षिणा सुटली. फलकावर रंग राहिला, वाट राहिली नाही.

या हानीचे मोल मराठी वाचकाने तरी ओळखावे. याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या मंदिरात तोही उपराच. मूळ तेवढे पवित्र आणि नंतरचे तेवढे उपरे, हा न्याय एकदा मान्य केला, तर नायकांच्या रंगानंतर पाळी मराठी अक्षरांची येते. मंदिर ज्याने बांधले त्याचे असते, तसे त्यात नंतर ज्यांनी ज्यांनी डोके टेकले त्यांचेही असते. चोळ चित्रांवरील प्रेम खरे असेल, तर त्याला हे सहवासी सोसले पाहिजेत.