‘हाती दिल्यावर’ : एका ओळीचे रसग्रहण

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाखाली चार-सहा ओळी छापलेल्या असतात. हा विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, ते त्या सांगतात. प्राध्यापकांच्या बोलीत या ओळींना ‘सीओ’ (कोर्स आउटकम) म्हणतात. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या (एनबीए) मानांकनाला महत्त्व आले आणि कॉलेजाकॉलेजांत सीओंचा पदवीच्या एकंदर फलितांशी (पीओंशी) संबंध किती, हे दाखवणारे तक्ते ३, २, १ अशा आकड्यांनी भरू लागले. तक्ता भरला जातो, पण ओळ वाचायची राहते. मला ती वाचावीशी वाटते, कारण नीट लिहिलेल्या सीओत शिक्षकाची विषयावरची सगळी पकड एका वाक्यात दिसते.

मी राहतो त्या बेंगळुरूच्या इंदिरानगरातला रस्ता घेऊन रचलेली ही नमुन्याची ओळ पाहा:

‘शंभर फुटी रस्त्याच्या एका पट्ट्याची गर्दीच्या तासातली वाहनगणना आणि आयआरसी १०६ ही मार्गदर्शिका हाती दिल्यावर, विद्यार्थी आपले प्रत्येक गृहीतक कारणासह नोंदवून त्या पट्ट्याची सेवापातळी ठरवील.’ (सेवापातळी म्हणजे वाहतूक किती मोकळी वाहते याची श्रेणी.)

याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेतर्फे एन. जे. राव आणि के. रजनीकांत यांनी अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम घेतले. ते अशा ओळीचे चार भाग पाडतात: कृती, ज्ञान, अट आणि निकष. पहिले दोन हवेतच, पुढचे दोन ऐच्छिक. माझा सगळा जीव त्या ऐच्छिक दोघांवर आहे.

कृतीचे कौतुक भरपूर झाले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची बोधात्मक उद्दिष्टांची उतरंड १९५६ ची. पाठोपाठ १९५७-५८ मध्ये ते स्वतः परीक्षासुधारणेच्या कामासाठी भारतात येऊन गेले. २००१ च्या सुधारित आवृत्तीने पायऱ्यांना क्रियापदांची नावे दिली. ‘समजेल’ लिहू नका, ‘ठरवील’ लिहा, हे आता प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. सल्ला योग्यच आहे. तरीही नुसते ‘सेवापातळी ठरवील’ एवढे लिहिले, तर सूत्र पाठ केलेला विद्यार्थीही पार होतो.

आता अट वाचा. ‘वाहनगणना हाती दिल्यावर’ म्हणजे मोजणीचे कौशल्य इथे तपासायचे नाही. ‘मार्गदर्शिका हाती दिल्यावर’ म्हणजे पाठांतरही तपासायचे नाही. दोन ओझी उतरवल्यावर उरते ती निवड. इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) शहरी रस्त्यांच्या क्षमतेची ही मार्गदर्शिका १९९० ची. वाहनांच्या सरमिसळीतला दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल, तर ती एका दुचाकीला ०.५ पीसीयू (एका मोटारीच्या तुलनेतले एकक) धरते. १० टक्के किंवा जास्त असेल, तर ०.७५. रिक्षाचा गुणक त्याच हिशेबाने १.२ वरून २ वर जातो. तक्ता समोर असूनही कोणता स्तंभ आपल्या रस्त्याला लागू, हे विद्यार्थ्यालाच सांगावे लागते.

त्याहून अवघड निवड रस्त्याच्या वर्गाची. चार पदरी, दुभाजक असलेल्या रस्त्याला मार्गदर्शिका मुख्य रस्ता म्हणून तासाला ३,६०० पीसीयू देते आणि उपमुख्य म्हणून २,९००. मुख्य रस्त्यावर दारे उघडत नाहीत आणि वाहने थांबत नाहीत, असे तिने धरलेले असते. उपमुख्यावर दारे चालतात, पण थांबलेली वाहने नाहीत. शंभर फुटी रस्त्यावर घरांची दुकाने आणि हॉटेले झाली आहेत. दारासमोर गाडी लागते, रिक्षा गिऱ्हाइकासाठी कडेला थांबते. मग त्याला कोणत्या वर्गात घालायचे? कुठल्याही वर्गात घाला, काही ना काही गृहीत धरावेच लागते. तेच गृहीतक ‘कारणासह नोंदवून’ या दोन शब्दांनी कागदावर यायला भाग पाडले आहे. हाच निकष, आणि तो मोजता येतो: गृहीतके लिहिली की नाही, कारण रस्त्याशी जुळते की नाही, हे दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासू शकतात. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी आली आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळाले, तरी मोजमाप पक्केच राहते.

इथे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर आठवतात. सगळे शिक्षण आधी लिहून ठेवलेल्या उद्दिष्टांत बसत नाही, असे ते १९६० च्या दशकापासून मांडत आले, आणि मूल्यमापन करणाऱ्याकडे रसिकाची नजर हवी असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. कवितेच्या तासाला असा निकष लावताना माझा हात अडखळेल. रस्त्याच्या बाबतीत मात्र नेमकी अटच विद्यार्थ्याच्या विवेकाला जागा करून देते.

विद्यापीठ कुठलेही असो, ओळ लिहिणाऱ्याने प्रश्नपत्रिकाही त्याच बैठकीत काढावी. प्रश्नात ‘दुचाकी ०.७५, रिक्षा २, उपमुख्य रस्ता’ असे आयते छापून दिले, की उरतो तो गुणाकार-भागाकार. तक्त्यात त्या ओळीपुढे ३ चा आकडा तेव्हाही दिमाखात पडतो. म्हणून गणना जशीच्या तशी द्यावी, मार्गदर्शिका बाकावर ठेवू द्यावी आणि गृहीतकांसाठी उत्तरपत्रिकेत अर्धे पान मोकळे सोडावे.