महंमद गौस यांचा मकबरा : जाळीकामाचे पुनर्वाचन

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात शेख महंमद गौस यांचा मकबरा आणि तानसेनाची कबर एकाच आवारात आहेत. मराठी रसिकाला यांपैकी दुसरी अधिक परिचित. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजविली. साहजिकच हे आवार महाराष्ट्रात पोहोचले ते संगीताच्या वाटेने. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, ही आख्यायिकाही त्याच वाटेने आली. शेजारची भव्य वास्तू मात्र दुर्लक्षित राहिली आणि जेव्हा तिचा उल्लेख होतो तेव्हा ‘हिंदू-मुस्लिम समन्वयाचे प्रतीक’ हे ठरीव बिरुद तिला लावले जाते. बिरुद चुकीचे नाही. पण त्यातून वास्तूतील एकाही दगडाचा उलगडा होत नाही, ही त्याची खरी उणीव होय.

मधले दालन चौरस असून त्याची बाजू सुमारे 43 फूट आहे. कोपरे कमानींनी छाटून त्याचा अष्टकोन साधला आहे व त्यावर घुमट बसविला आहे. दालनाभोवती सुमारे 20 फूट रुंदीची पडवी फिरते. या पडवीला बाहेरच्या बाजूने भिंत अशी जवळजवळ नाहीच. आहे ती कोरीव दगडी जाळी. येथे जाळी खिडकीत बसविलेली नाही, तिनेच भिंतीची जागा घेतली आहे. षट्कोन, तारे, तिरप्या रेषांची गुंफण असे नमुने चौकटीगणिक बदलतात. बाहेरून पाहता उन्हात ती घट्ट विणीची, जड वाटते. आत शिरताच तोच दगड उजेडापुढे काळी रेघ होतो आणि नमुना फरशीवर उतरून दिवसभर सरकत राहतो. जाळीचे हे दुहेरी वागणे छायाचित्रात सापडत नाही.

या कल्पनेचा उगम कोठे? बाबराला 1526 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला मिळाला त्यात गौस यांचा सल्ला उपयोगी पडला होता. हुमायूनची सत्ता 1540 मध्ये गेल्यावर त्यांना गुजरातचा आश्रय घ्यावा लागला. अहमदाबादचे वजिहुद्दीन अलवी त्यांचे शिष्य झाले. त्याच अहमदाबादेजवळ सरखेज येथे शेख अहमद खट्टू यांचा 1451 मध्ये पूर्ण झालेला रोजा आहे. तोही चौरस, तोही चहूबाजूंनी दगडी जाळीने वेढलेला. गौस 1563 मध्ये निवर्तले. त्यांच्या मकबऱ्याने हेच सूत्र उचललेले दिसते. दुसरा धागा ग्वाल्हेरचाच आहे. मानसिंह तोमराच्या मानमंदिरात दगडी जाळ्या, पुढे आलेले छज्जे आणि निळे चकचकीत तक्ते अगोदरच होते. गौस यांच्या घुमटावरही एके काळी निळे तक्ते होते. म्हणजे येथे दोन धर्म नव्हे, तर सरखेजची मांडणी आणि ग्वाल्हेरचा वालुकाश्म, अशा दोन कारागिरी भेटतात. योगविषयक ‘अमृतकुंड’ फारसीत ‘बह्र-उल-हयात’ म्हणून नेणारे गौस हे समन्वयाचे सोयीचे उदाहरण ठरतात खरे. पण ग्रंथातील विचार आणि छिन्नीचे काम यांची सांगड घालायला अधिक पुरावा हवा.

वास्तू निर्दोष नाही. कोपऱ्यांतील षट्कोनी बुरूज मूळ चौरसाला केवळ चिकटविल्यासारखे वाटतात. घुमट बसका आहे आणि खालच्या नाजूक जाळीला तो पेलवत नाही असा भास होतो. जाळीत जो आत्मविश्वास आहे तो वरच्या रचनेत नाही.

तानसेनाची कबर या सर्वांपुढे फार साधी. बुटका चौथरा, खांब, वर छत. चारी बाजू मोकळ्या. तेथे उभे राहिल्यावर समोर दिसते ती गौस यांच्या मकबऱ्याची जाळी. डिसेंबरात तानसेन समारोहासाठी ग्वाल्हेरला जाणाऱ्या मराठी श्रोत्याने कबरीला नमस्कार करून त्या पडवीत एक चक्कर टाकावी. शक्यतो ऊन तिरपे असताना.