बेस आहे, लेबल नाही

स्पिनिन रेकॉर्ड्स हे नेदरलँड्समधलं लेबल. १९९९ साली सुरू झालं, २०१७ मध्ये वॉर्नरने विकत घेतलं. जगभरच्या क्लबांत वाजणारं हाउस संगीत काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. २०२४ मध्ये तिने क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ काढलं आणि ‘एम-हाउस’, म्हणजे मराठी हाउस, हे नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. सोलापुरात मात्र मराठी हाउस त्याच्या कितीतरी आधीपासून वाजतं आहे. त्याला हाउस कुणी म्हणत नाही, एवढंच. ‘डीजे मिक्स’ म्हणतात, ‘हलगी मिक्स’ म्हणतात, ‘कडक बीट’ म्हणतात. गणपती, शिवजयंती, भीमजयंती, लग्नाची वरात, निवडणुकीचा गुलाल, सगळीकडे तेच.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून ऐकल्या तर आजच्या मराठी नृत्यसंगीताची तब्येत बऱ्यापैकी कळते.

आधी ‘तांबडी चामडी’. मला ते आवडतं, आणि त्याचं कारण मराठीचा अभिमान हे नाही. त्यात शब्द हे वाद्य म्हणून वापरले आहेत. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. अक्षरं तालावर आपटतात. अर्थाला फारसं महत्त्व नाही. हाउसमध्ये गायकाने करायचं असतं ते हेच. आपल्याकडचा नेहमीचा मार्ग याच्या उलटा आहे. आधी मुखडा-अंतऱ्याचं पूर्ण गाणं करायचं आणि मग त्याच्याखाली किक सरकवायची. ‘पोश्टर गर्ल’ या चित्रपटातलं ‘आवाज वाढव डीजे’ (२०१६) हे त्या मार्गाचं चांगलं उदाहरण. गाणं झकास आहे, आनंद आणि आदर्श शिंदे यांचे गळे अस्सल आहेत, पण ते डीजेविषयीचं गाणं आहे, डीजेचं नाही. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ही याच कुळातलं: उत्तम पॉप, नाचायला छान, तरी बांधणी गाण्याचीच.

‘तांबडी चामडी’चं दुखणं वेगळं आहे. ते फार लवकर संपतं. हाउसची जुनी बारा इंची तबकडी सहा-सात मिनिटं चालायची. सुरुवातीला नुसता ताल, शेवटी नुसता ताल, म्हणजे डीजेला एक गाणं दुसऱ्यात मिसळायला जागा मिळायची. आताची लेबलं मोबाइलच्या पडद्यासाठी कापतात. पंधरा सेकंदांत जे पकडत नाही ते जगत नाही, असा हिशेब. त्या हिशेबात ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ देण्याची मुभा उरत नाही. आणि थोडासा कंटाळा आल्याशिवाय हाउसची लय अंगात उतरतच नाही.

आता रस्ता. सोलापुरात क्लब नाही म्हटलं तरी चालेल. हाउस-टेक्नोसाठी बंद, अंधारी खोली लागते, ती हवी असणारी इथली पोरं पुण्या-मुंबईला जातात. इथली नाचाची जागा उघडी आहे. ट्रॅक्टर किंवा ट्रकवर रचलेली बेसची भिंत, वर टॉप, मागे जनरेटर, आणि बैलाच्या चालीने पुढे सरकणारी मिरवणूक. त्यासाठी बनणारं संगीत घराघरांतल्या संगणकांवर तयार होतं, बहुतेक वेळा एफएल स्टुडिओवर. फाइली पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. मधेमधे डीजेचं नाव ओरडणारा टॅग असतो, चोरी होऊ नये म्हणून. तरी चोरी होतेच.

या मिक्समध्ये खरी कल्पकता कुठे आहे? बेसमध्ये आणि हलगीत. उघड्यावर, दोन्ही बाजूंना घरं असलेल्या रस्त्यात खालचा आवाज कसा पसरतो, हे या पोरांना पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. किक आखूड ठेवतात, तिच्यामागे बेसची लांब शेपटी सोडतात, आणि ड्रॉपच्या आधी सगळं बंद करून एकटी हलगी वाजवतात. ती जागा दर वेळी अंगावर येते. सोलापूरच्या बाजूला हलगी एकटी नसते. सोबत घुमकं असतं, कैताळ असतो, कुस्तीच्या फडात तर या तिघांवर पैलवानाची चाल ठरते. एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात टिपरू. काडी किंचित मागे राहते आणि त्या मागे राहण्यातच हलगीचा डौल आहे.

नेमका तोच डौल मिक्समध्ये मारला जातो. हलगीचा तुकडा कापून संगणकाच्या जाळीवर बसवला की प्रत्येक ठोका चौकटीत सरळ उभा राहतो. सहा मात्रांच्या चालीतली जुनी गाणी तर सक्तीने चारच्या किकवर ताणली जातात. त्यात चाल जाते, उरतो तो वेग. वर दर अर्ध्या मिनिटाला नवा बिल्डअप, नवा सायरन, नवा ड्रॉप. लेबलचं गाणं घाईत संपतं, रस्त्यावरचं मिक्स घाईत बदलतं. भीती दोघांनाही एकच: माणसं थांबतील.

सोलापूर गिरणगाव, डेट्रॉइट मोटारगाव, तेव्हा इथला ठोका मागावरून आला असं लिहिण्याचा मोह होतो. १८७७ची जुनी मिल, यंत्रमाग, चादरी, सगळं हाताशी आहे. मला ते पटत नाही. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन यांनी डेट्रॉइटमध्ये टेक्नो घडवला तेव्हा यंत्रासारखं वाजवणं ही त्यांची जाणीवपूर्वक निवड होती. इथल्या मिक्समध्ये माग कुठेच ऐकू येत नाही. ऐकू येते ती हलगी, लेझीम आणि शिंदे घराण्याची कॅसेट. त्या घराण्यातल्या प्रल्हाद शिंद्यांची मुळं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची. आनंद शिंद्यांच्या आवाजाचे तुकडे आज याच जिल्ह्यात बेसखाली पुन्हा पुन्हा कापले जातात. खरी परंपरा ती आहे, आणि ती पुरेशी श्रीमंत आहे.

मग कमी काय आहे? माझ्या मते निवडणारा कान. लेबल म्हणजे नुसतं विकणारं दुकान नव्हे. शंभर फाइलींतून चार ठेवून बाकीच्या परत पाठवणारा माणूस म्हणजे लेबल. तो नसला की काय होतं, हे मुंबईने एकदा दाखवलेलं आहे. १९८२ साली हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. त्यांवर भैरवसारखे दहा राग सरळ यांत्रिक ठोक्यावर वाजवले. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ग्रामोफोन कंपनीने काढली आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही. शिकागोत फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ यायला अजून पाच वर्षं होती. त्याच ३०३ यंत्राच्या चिरचिरीवर तिथे अख्खा ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार उभा राहिला. सिंगांनी अ‍ॅसिड हाउसचा शोध लावला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. शिकागोच्या पोरांनी त्यांना ऐकलेलं नव्हतं. पण आपल्याकडच्या कंपनीला आपल्या हातात काय आहे हे कळलं नाही, ही गोष्ट खरी. ते कळलं एडो बाउमन या डच संग्राहकाला. त्याने २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा काढली. २०१५ मध्ये सिंग गेले, त्याआधी काही वर्षं त्यांना परदेशात मंच मिळाला.

म्हणजे १९८२च्या तबकडीची दुसरी आवृत्ती आणि २०२४चं गाणं, दोन्हींवर शिक्का नेदरलँड्सचा. योगायोग असेल, पण बोचतो.

मधल्या काळात देशात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने ‘बास रानी’ या अल्बममध्ये (२०१५) मिरवणुकीचा दणका मंचावर नेला. गोव्यात नव्वदच्या दशकात ट्रान्स वाढला, पण त्याची लेबलं इंग्लंडात निघाली आणि किनाऱ्यावरच्या कोकणी-मराठी कानांचा त्यात वाटा जवळजवळ शून्य.

सोलापुरात यापुढे काय होईल, हे आवाजाच्या मर्यादेवरही ठरणार आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक सहसा बंद. मिरवणुकीतली भिंत ही मर्यादा कुठल्या कुठे मागे टाकते. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, हृदयरोगी यांच्या तक्रारींना ‘संस्कृती’ असं उत्तर देणं मला बेजबाबदार वाटतं. आणि संगीताच्या बाजूनेही बोलायचं तर या भिंतीने मिक्स करणाऱ्यांना आळशी केलं आहे. छाती हादरली की रचना चालून जाते. तेच मिक्स घरी, साध्या हेडफोनवर ऐका. दहातली आठ दोन मिनिटांत उघडी पडतात: बेस फाटलेला, सूर एकमेकांना न जुळणारे. उरलेल्या दोनांत मात्र असं काही असतं की स्पिनिनच्या माणसाने खुर्ची पुढे ओढावी.

त्या दोन कुणाच्या, हे शोधणं अवघड असतं. टॅग एकाचा, बीट दुसऱ्याची, गाण्याचा हक्क तिसऱ्या कंपनीचा, हलगी वाजवणाऱ्याचं नाव तर कुठेच नाही. लेबल आलं की हे सुटतं असंही नाही. शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सवर लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना आपल्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांसाठी २०२० मध्ये दावा लावावा लागला; २०२२ मध्ये तडजोड झाली आणि हक्क परत मिळाले. त्यांच्याकडे निदान तबकडीवर छापलेलं नाव होतं. सोलापूरच्या पोराकडे आहे ती एक एमपी३ फाइल, आणि तिचं नाव प्रत्येक पेनड्राइव्हवर वेगळं.