मिश्र अध्ययनपद्धती आणि अभ्यासक्रमाची रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
उच्च शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर ही आपल्याकडे नवी घटना नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरदर्शनवरील उपक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे व्यासपीठ कार्यान्वित झाले. या उपक्रमांत तंत्रज्ञान वर्गाला पूरक किंवा पर्यायी होते. मे २०२१ मध्ये आयोगाने प्रसृत केलेल्या मिश्र अध्ययनविषयक संकल्पना-टिपणाने मात्र त्याला प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अंतर्रचनेत स्थान देऊ केले. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन व उर्वरित ६० टक्के वर्गात शिकविता यावा, अशी ही सूचना आहे. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा करावयाची आहे.

टक्केवारी आणि रचना :
टिपणात विद्यार्थिकेंद्री अध्ययनाचा पुरस्कार आहे, हे नि:संशय स्वागतार्ह होय. तथापि टक्केवारी हे प्रशासनाचे माप आहे, अध्ययनाचे नव्हे. पाच घटकांपैकी दोन घटक ऑनलाइन ठेवले की प्रमाण साधते. परंतु मिश्रण होत नाही, केवळ वाटणी होते. बी. ए. मराठीचे उदाहरण घेऊ. भाषाविज्ञानात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी या बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने विद्यार्थ्याने घरी पुन:पुन्हा ऐकावेत आणि त्यांतील उच्चारभेदांची वर्गात चर्चा व्हावी, ही खरी मिश्र रचना होय. ज्ञानेश्वरीतील ओवीचे वाचन ध्वनिमुद्रणातून ऐकता येते. तिच्या अर्थाविषयीचा मतभेद मात्र समोरासमोरच उलगडतो. म्हणजेच ऑनलाइन आणि प्रत्यक्ष हे दोन्ही भाग प्रत्येक घटकात परस्परांवर अवलंबून असावयास हवेत. त्यांचे प्रमाण घटकागणिक बदलेल, आणि ते विषयाच्या प्रकृतीवरून शिक्षकानेच ठरवावयाचे आहे.

विद्यार्थी आणि भाषा :
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये इंटरनेटची सुविधा असलेली कुटुंबे शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के होती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे केवळ ४.४ टक्के होती. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला हे खरे. परंतु घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या हाती केव्हा पडतो, हा प्रश्न उरतोच. संध्याकाळच्या घरकामात गुंतलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत ‘कधीही, कोठेही अध्ययन’ ही घोषणा पुष्कळदा ‘नंतर केव्हातरी’ या अर्थाने उतरते. तिच्यासाठी महाविद्यालयातील तास हा अभ्यासाचा एकमेव राखीव वेळ असतो. शिवाय ‘स्वयं’वरील अभ्यासक्रमांचा मोठा भाग इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तेथे विषयाआधी भाषेशीच झुंजतो.

शिक्षकाचा कार्यभार :
‘स्वयं’च्या रचनेत चित्रफीत, लिखित आशय, चर्चामंच आणि मूल्यमापन असे चार भाग आहेत. यांपैकी चित्रफीत एकदा तयार केली की टिकते. चर्चामंच मात्र शिक्षक रोज तेथे असेल तरच जिवंत राहतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तासांचे आहे. ऑनलाइन शंका वाचणे, उत्तरे देणे, स्वाध्याय तपासणे हे काम या तासांत धरले गेले नाही, तर ते वरकड ठरेल. आणि ४० टक्के भाग ‘तयार आशया’वर सोपविला गेला, तर कार्यभार घटल्याचा हिशेब मांडून रिक्त पदे न भरण्यास एक सोयीचे कारण मिळेल. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्याची झळ सर्वप्रथम पोहोचेल.

समारोप :
मिश्र अध्ययनाला विरोध करण्याचे कारण नाही. प्रमाणालाच रचना समजण्याला विरोध करावयास हवा. त्यासाठी प्रत्येक अभ्यासमंडळाने घटकनिहाय कृती-आराखडा करावा, ऑनलाइन मार्गदर्शन कार्यभारात मोजावे, मराठीतून आशय निर्माण करावा आणि महाविद्यालयातील संगणक-कक्ष व ग्रंथालय तासांनंतरही खुले ठेवावे. या चार गोष्टींची तरतूद ज्या महाविद्यालयात नाही, तेथे ४० टक्क्यांची अंमलबजावणी म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याचे अध्यापन तेवढ्याने कमी करणे ठरेल.