चष्मा गेला, पण मोजले काय?

‘डोळ्याची लेसर शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ म्हणजे नेमके काय झाले? बहुधा एवढेच, की चष्म्याशिवाय तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचता आली. आमचा आक्षेप आहे तो या मोजपट्टीला. स्नेलेन यांचा हा तक्ता १८६२ सालचा. पांढऱ्यावरची ठळक काळी अक्षरे चांगल्या उजेडात वाचता येतात का, एवढेच तो सांगतो.

लॅसिक पद्धतीत पारपटलाचा पातळ पापुद्रा कापून उलटतात व खालचा थर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरने कोरतात. रात्री बाहुली मोठी होऊन कोरलेल्या भागाच्या कडेपर्यंत पसरली, तर दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. पापुद्रा कापताना बारीक चेतातंतूही तुटतात, त्यामुळे अश्रू कमी स्रवतात आणि डोळे कोरडे पडतात. तक्त्याला याचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नौदल आणि राष्ट्रीय नेत्र संस्थेसह केलेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा असा कोणताच त्रास नसलेल्यांपैकी एका अभ्यासात ४३, तर दुसऱ्यात ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी किमान एक त्रास नोंदवला. त्यामुळे रोजची कामे फार अडली असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक दृष्टीबाबत समाधानी होते, हेही सांगायला हवे. मात्र डॉक्टरांना सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत त्रास नोंदवण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. विचारले, तेव्हाच कळले!

उपाय आहेत. कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापुद्र्याखालच्या दाहावर स्टेरॉइडचे थेंब देतात. सरकलेला पापुद्रा लगेच जागी बसवतात. दुबळे पारपटल फुगू लागले, तर रिबोफ्लेविन व अतिनील किरणांनी ते घट्ट करतात. त्याने फुगणे थांबते, पण मूळचा आकार पुरता परत येत नाही. म्हणून रुग्णाची निवडच महत्त्वाची. ६ मिलिमीटर व्यासाचा भाग कोरताना दर डायॉप्टरला सुमारे १२ मायक्रॉन थर जातो. पारपटल ४८० मायक्रॉन, पापुद्रा ११० आणि नंबर उणे १० असेल, तर खाली उरतात २५०. सर्वसाधारणपणे मानलेली किमान मर्यादा तीच! अशा रुग्णाला ‘नको’ म्हणणे हेही उपचारच.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एकाच आकाराची अक्षरे गडद आणि फिक्या पेन्सिलीने लिहून मंद उजेडात, त्याच अंतरावरून वाचायला द्यावीत. ६/६ म्हणजे संपूर्ण दृष्टी नव्हे, हे मुले स्वतःच सांगतील.