भीमाची जेनी आणि शौलाची मीखल

वांकिडी, आसिफाबाद व केरामेरी या भागांत सेवा करणाऱ्या पाळकांस व उपदेशकांस कोमराम भीम हे नाव नव्याने सांगावयास नको. राजुऱ्याच्या बाजूची मराठी येथे तेलुगू व गोंडी यांच्या जोडीने बोलली जाते, आणि पूर्वी आदिलाबादेत असलेला हा मुलूख २०१६ साली ज्या नव्या जिल्ह्यात गेला, त्या जिल्ह्यास भीमाचेच नाव देण्यात आले. या भीमाला जगाच्या कानाकोपऱ्यांत नेले ते मात्र २०२२ साली प्रदर्शित झालेल्या एस. एस. राजामौली यांच्या ‘आरआरआर’ या चित्रपटाने. आपल्या मंडळ्यांतील तरुणांनी तो पाहिला आहे, त्यातील नाच त्यांना पाठ आहे, आणि त्यातील भीम व जेनी यांचे प्रेम हे जुलमी सत्तेखालील निषिद्ध प्रेमाचे उदाहरण म्हणून त्यांच्या मनात बसले आहे. तेव्हा या प्रेमकथेची परीक्षा करणे हे आपले काम ठरते. करमणुकीवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. मनाई कोण करतो आणि तिची किंमत कोण भरतो, या दोन प्रश्नांना ही कथा काय उत्तर देते, एवढेच पाहावयाचे आहे.

कथा थोडक्यात अशी. १९२० च्या सुमारास इंग्रज गव्हर्नर व त्याची पत्नी आदिलाबादच्या अरण्यातून मल्ली नावाची गोंड मुलगी उचलून दिल्लीस नेतात. तिला सोडविण्यासाठी भीम अख्तर हे नाव घेऊन दिल्लीत राहतो. गव्हर्नरच्या घरातील जेनी ही कोमल मनाची इंग्रज तरुणी त्याला आवडते. तिची मोटार वाटेत अडावी आणि त्याला तिच्याशी बोलता यावे, अशी युक्ती त्याचा मित्र करतो. या ओळखीतून भीमाला त्या वाड्यात प्रवेश मिळतो व मल्लीचा ठाव लागतो. पुढे जेनीच तुरुंगाचा नकाशा मिळवून देते, आणि शेवटी दोघे एकत्र येतात.

ही कथा इतिहास नव्हे, हे चित्रपटकर्त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यामुळे तिच्यात कल्पित भाग आहे अशी तक्रार करणे व्यर्थ होय. परंतु कल्पना कोणत्या बाजूस वळली, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकास आहे. इतिहासातला भीम दिल्लीच्या गव्हर्नरशी लढला नाही. तो निजामाच्या राज्यव्यवस्थेशी लढला. राखीव जंगलाची हद्द आखणारा वनखात्याचा अधिकारी, जमिनीचा कागद दुसऱ्याच्या नावे करणारा कारकून, बाहेरून येऊन शेते बळकावणारा सावकार आणि या सर्वांच्या पाठीशी उभा असलेला पोलीस, हे त्याचे प्रतिपक्षी होते. १९४० साली जोडेघाट येथे तो पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ज्या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांची स्थिती पाहण्यास बोलाविले, त्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही बंडाचे मूळ जमीन व जंगल यांच्या प्रश्नातच दाखविले. चित्रपटात निजाम उरतो तो केवळ इंग्रजांस सावध करण्यासाठी माणूस पाठविणारा म्हणून. इंग्रजांचे छत्र निजामावर होते, हे खरे. परंतु जुलमी हात जवळचा होता, ओळखीचा होता, त्याच बाजारात वावरणारा होता. चित्रपटाने तो दूरचा, गोरा व परका केला.

याचा परिणाम प्रेमकथेवर झाला आहे. जुलूम करणारा परका झाला की मनाई करणाराही परकाच होतो, आणि आपण सर्व आपोआप प्रेमिकांच्या बाजूचे ठरतो. वस्तुतः गोंड समाजात विवाहाचे स्वतःचे कडक नियम आहेत. एका सगातील दोघांचा विवाह तेथे वर्ज्य मानतात. इंग्रज मुलगी घरी आणणाऱ्या भीमाला त्याच्या वाड्यावस्तीने, त्याच्या वडीलधाऱ्यांनी काय विचारले असते? हा प्रश्न कथेत उमटतच नाही. लोकपरंपरेत भीमाच्या पत्नीचे नाव सोमबाई असे येते. तिच्या संसारात, दारिद्र्यात व वैधव्यात जुलमी सत्तेखालच्या प्रेमाची खरी कथा होती. पण तिला या पडद्यावर जागा मिळाली नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. भीम जेनीवर प्रेम करतो की तिचा उपयोग करून घेतो? आरंभी तरी दोन्ही गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. खोट्या नावाने तो तिच्याशी मैत्री करतो आणि तिच्याच विश्वासावर वाड्यात शिरतो. मल्लीची सुटका हे कार्य न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु न्याय्य कार्यासाठी एखाद्याचा भोळा स्नेह वापरला तर त्याचे ऋण राहते, आणि चित्रपट हे ऋण हसण्यावारी नेतो. आपली फसवणूक झाली म्हणून जेनी कधी दुखावलेली दिसत नाही. आपल्या घरच्यांचा विश्वासघात केल्याबद्दल तिला काय भोगावे लागले, हेही आपणांस कळत नाही.

येथे पवित्र शास्त्रातील मीखलेचे स्मरण होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मीखलेचे दाविदावर प्रेम बसले, असे स्पष्ट सांगितले आहे. दाविदाचे तिच्यावर प्रेम होते, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. शौल राजा मुलीच्या प्रेमाचाच पाश करू पाहतो; दाविदास राजाचा जावई होणे सोयीचे वाटते. १९ व्या अध्यायात मारेकरी दारापाशी असता मीखल पतीला खिडकीतून खाली उतरविते, बिछान्यात मूर्ती ठेवून वेळ काढते आणि बापाच्या रोषास एकटी सामोरी जाते. जेनीने जे केले ते हेच. परंतु शास्त्राची कथा येथे थांबत नाही. शौल तिला पालती नावाच्या दुसऱ्या पुरुषास देऊन टाकतो. पुढे दावीद सामर्थ्यवान झाल्यावर तिला परत मागून घेतो, आणि तो पालती बहूरीमपर्यंत रडत तिच्या मागून चालत जातो. मीखलेला कोणी काही विचारल्याची नोंद नाही.

शास्त्रलेखकाचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. जुलमी राजाने प्रेमाला साधन बनविले, आणि देवाने निवडलेल्या राजानेही त्याला साधनच बनविले. विजयी पक्ष न्याय्य असला म्हणजे त्याचे सर्व वर्तन शुद्ध ठरते, असे तो म्हणत नाही. पालतीचे अश्रू त्याने गाळले नाहीत. आपण मात्र ही वचने व्यासपीठावरून क्वचितच वाचतो. दाविदाची कीर्ती सांगतो आणि मीखल म्हटली की तिने केलेला उपहास तेवढा सांगतो.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. तेलंगणातच, मिरयालगुडा येथे, सप्टेंबर २०१८ मध्ये एका तरुणाचा त्याच्या गर्भवती पत्नीच्या डोळ्यांदेखत खून झाला. तो दलित ख्रिस्ती कुटुंबातला होता, ती व्यापारी जातीतली. मारेकऱ्यांस सुपारी दिल्याचा आरोप मुलीच्या वडिलांवर ठेवण्यात आला. खटला चालू असतानाच ते मरण पावले. मार्च २०२५ मध्ये नलगोंडा येथील न्यायालयाने एकास फाशीची व सहा जणांस जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्या खुनाच्या सहाच महिने आधी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची, जातीची वा गोताची संमती आवश्यक नाही. न्यायालय एक सांगत होते आणि घर दुसरेच सांगत होते. कोणताही गव्हर्नर, कोणताही निजाम येथे नव्हता. मनाई केली ती घराने.

या प्रसंगी मेलेला आपला होता म्हणून आपण हळहळलो. पण मनाई करणारे आपल्यात नाहीत काय? बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारणारी घरे प्रत्येक पाळकाने पाहिली आहेत. वधूवरांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली विवाह लावता येतो. तरीही असे जोडपे दारी आले की वडील मंडळी नाराज होतील या भीतीने आपण त्यांस परत पाठवितो. मग त्यांस १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग उरतो. तेथे तीस दिवसांची सूचना कचेरीत लावली जाते, आणि जी बातमी घरच्यांपासून जपावयाची तीच त्या फलकावर सर्वांसमोर येते. जोडप्यास परत पाठविणारा पाळक स्वतः हात उगारत नाही, हे खरे. परंतु तो त्यांस त्या फलकाखाली उभे करतो.

प्रत्येक प्रेम योग्यच असते, असे म्हणण्याचा हेतू नाही. घाई, फसवणूक, अजाणतेपण, एकाने दुसऱ्याचा केलेला वापर हे सर्व असू शकते, आणि ते तपासणे हे पाळकाचे कर्तव्यच होय. मात्र तपास प्रेमाचा असावा, जातीचा नसावा. दोघे सज्ञान आहेत काय, एकमेकांस सत्य सांगितले आहे काय, भार कोणा एकावर तर पडत नाही ना, हे प्रश्न विचारावेत. भीमाला जेनीविषयी व दाविदाला मीखलेविषयी हेच प्रश्न विचारता आले असते.

म्हणून तरुण संघात या चित्रपटाची चर्चा निघेल तेव्हा उपदेशकांनी ती टाळू नये. जेनीच्या धैर्याचे कौतुक करू द्यावे; त्यानंतर मीखलेची कथा पालतीच्या अश्रूंपर्यंत वाचावी. आणि मग विचारावे की आपल्या गावात, आपल्या घरात, गव्हर्नरच्या जागी कोण बसला आहे. उत्तर देण्याची घाई नको. ऐकणाऱ्यांत त्या जागी बसलेलाही कोणी असेल, आणि खिडकीपाशी उभी असलेलीही कोणी असेल. दुसरीला निदान इतके कळावे की पाळकाचे दार तिच्यासाठी बंद नाही.